अहमदाबाद ते टोरोंटो: जाताना साडेअकरा तास आणि येताना तीस तास, हे कसं काय?

रावपुरेकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. आई-बाबा जूनमध्ये ताईकडे टोरोंटोला जाणार आहेत, ऑक्टोबरमध्ये परत, दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. बडोद्याहून थेट काही नाही म्हणून एजंटने अहमदाबाद ते दुबई आणि पुढे दुबई ते टोरोंटो असा ऑप्शन व्हॉट्सॲपवर पाठवलाय, पैसे अजून भरले नाहीत कारण बाबांचं समाधान होत नाहीये. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, आयुष्यभर टाइमटेबल हातात, गाडी कुठून किती वाजता सुटली आणि कुठे किती वाजता लागली यावरून सरासरी वेग काढायचा ही त्यांची जुनी सवय, त्यामुळे मी प्रिंट काढून दिल्याबरोबर त्यांनी वही उघडली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

वेळा अशा आहेत. जाताना अहमदाबादहून रात्री १०:००, दुबईला रात्री ११:५०, दुबईहून पहाटे ३:३०, टोरोंटोला सकाळी ९:३०. येताना टोरोंटोहून सोमवारी दुपारी २:३०, दुबईला मंगळवारी सकाळी ११:१०, दुबईहून दुपारी ४:३० आणि अहमदाबादला रात्री ८:५०.

आता बाबा म्हणतात की रात्री १० ला निघून सकाळी साडेनऊला पोचतो म्हणजे साडेअकरा तास, आणि येताना सोमवार दुपार ते मंगळवार रात्र म्हणजे तीस तास वीस मिनिटं, गाव तेच, विमान तसलंच, मग एवढा फरक कसा? मी त्यांना म्हटलं टाइम झोन असतो, ते म्हणाले ते मला कळतंय पण मग खरे तास किती ते काढून दाखव, आणि तिथे मी अडकलो. शिवाय नेटवर बडोदा ते टोरोंटो अंतर १२,१७० किमीच्या आसपास येतं, विमानाचा वेग ९०० धरला तर साडेतेरा तास व्हायला हवेत, म्हणजे कुठलाच आकडा कुठल्याच आकड्याशी जुळत नाही.

आणखी एक. आमच्याकडे भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आहे, त्यावर बाबांनी फूटपट्टी ठेवली तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिक ओलांडून जाते. पण वेबसाइटवर तीच रेघ वर उत्तरेला वाकून ग्रीनलंडवरून जाताना दिसते. बाबा विचारतायत एवढा वळसा का?

माझा स्वतःचा प्रश्न सगळ्यात शेवटी, पण मला तोच महत्त्वाचा वाटतो. आईचे गुडघे दुखतात आणि शुगर आहे. एवढ्या लांबच्या प्रवासात तिला कमी त्रास होईल असं काय बघावं? दिल्लीहून नॉनस्टॉप बरं की दुबईमार्गेच ठीक?

प्रतापनगर_यार्ड

काकांना नमस्कार सांगा, प्रश्न अस्सल रेल्वेवाल्याचा आहे. आमच्या घरातही तीन पिढ्या रेल्वे, त्यामुळे ते कुठे अडले असतील ते लगेच कळलं. आपल्याकडे ओख्यापासून दिब्रुगडपर्यंत घड्याळ एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, म्हणून पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा केली की तास मिळतात. विमानाच्या तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची छापलेली असते, त्यामुळे सरळ वजाबाकी चालत नाही. आधी सगळ्या वेळा बडोद्याच्या घड्याळात आणायच्या आणि मग वजा करायच्या, बस एवढंच.

जूनमध्ये टोरोंटो आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि दुबई दीड तास. टोरोंटोचे सकाळचे साडेनऊ म्हणजे बडोद्यात संध्याकाळचे सात. रात्री १० ला निघालात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७ ला उतरलात, झाले २१ तास. येताना टोरोंटोचे सोमवार दुपारचे अडीच म्हणजे आपल्याकडे बरोबर रात्रीचे बारा, सोमवार संपून मंगळवार लागतोय, आणि अहमदाबादला उतरणार मंगळवारी रात्री ८:५० ला, म्हणजे २० तास ५० मिनिटं. आता सांगा फरक किती राहिला? दहा मिनिटं. जाताना घड्याळ साडेनऊ तास मागे गेलं म्हणून प्रवास छोटा दिसला, येताना तेवढंच पुढे गेलं म्हणून मोठा दिसला. ११:३० मध्ये ९:३० मिळवा आणि ३०:२० मधून ९:३० वजा करा, काकांच्या वहीत दोन्हीकडे उत्तर जुळेल.

आता तुकडे पाडा, कारण खरी गंमत तिथे आहे. जाताना अहमदाबाद-दुबई ३ तास २०, दुबईत हॉल्ट ३ तास ४०, दुबई-टोरोंटो १४ तास. येताना टोरोंटो-दुबई १२ तास ४०, हॉल्ट ५ तास २०, दुबई-अहमदाबाद २ तास ५०. म्हणजे एकूण तास जवळजवळ सारखे दिसले तरी मोठा टप्पा येताना तब्बल एक तास वीस मिनिटांनी छोटा आहे आणि तो वाचलेला वेळ दुबईत बसण्यात गेलाय. बारीक बघितलं तर अहमदाबाद-दुबईतही अर्ध्या तासाचा फरक सापडेल. हा फरक घड्याळाचा नाही, खरोखरचा आहे. तो का पडतो ते हवामानाचं कळणारं कुणीतरी नीट सांगेल.

एक सावधगिरी. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे म्हणून साडेनऊ चाललं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी टोरोंटोत घड्याळ एक तास मागे करतात, त्यानंतर मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहा तासांचा. ताईने आग्रह करून मुक्काम वाढवला तर सगळं गणित एका तासाने सरकेल, आणि विमान कंपन्यांचं हिवाळी टाइमटेबलही ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होतं, तेव्हा वेळा नव्याने बघाव्या लागतील.

नकाशावेडा

फूटपट्टीच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण हा प्रश्न मला कुणी विचारला की फार बरं वाटतं.

गोल पृथ्वी सपाट कागदावर आणली की कुठेतरी ताणावंच लागतं. भिंतीवरचे बरेचसे नकाशे मर्केटर पद्धतीचे किंवा तिच्या भावंडांचे असतात. मर्केटरने १५६९ मध्ये तो नकाशा बोटींसाठी काढला होता, होकायंत्राची एकच दिशा धरून चालायचं असेल तर त्यावर सरळ रेघ मारता येते, त्या कामासाठी तो उत्तमच आहे. पण त्यात उत्तरेकडचा भाग आडवा-उभा ताणलेला असतो, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. म्हणजे त्या नकाशावर वरच्या बाजूचं अंतर फुगलेलं असतं आणि म्हणून वरून जाणारा जवळचा रस्ता लांबचा वाटतो.

काकांना म्हणावं फूटपट्टी ठेवा बाजूला आणि पृथ्वीचा गोल घ्या, साधा शाळेतला चालेल. धाग्याचं एक टोक बडोद्यावर धरा, दुसरं टोरोंटोवर, आणि धागा ताणा. तो आपोआप सरकून जिथे स्थिर होतो तो सगळ्यात जवळचा मार्ग. मी गणिताने काढून बघितलं, बडोदा साधारण २२.३ उत्तर ७३.२ पूर्व आणि टोरोंटोचा एअरपोर्ट ४३.७ उत्तर ७९.६ पश्चिम धरून. धागा बडोद्याहून निघतो तो जवळजवळ उत्तरेलाच, थोडासा पश्चिमेला कललेला, पाकिस्तान, अफगाणिस्तान, बुखाऱ्याच्या आसपास, अरल समुद्राजवळून रशियात, मग वर ७१ अंश उत्तरेपर्यंत चढतो, यान मायेन नावाचं नॉर्वेचं बेट आहे तिथपर्यंत, आणि तिथून ग्रीनलंड ओलांडून खाली कॅनडात उतरतो. लांबी १२,१७० किमीच. वेबसाइटने तुम्हाला हाच धागा दाखवलाय, त्यात वळसा कुठेच नाही, वळसा आहे तो फूटपट्टीच्या रेघेत.

पण एक लक्षात घ्या, तुमचं विमान या धाग्यावरून जाणारच नाहीये. तुमचे धागे दोन. अहमदाबाद-दुबई साधारण १,७७० किमी आणि दुबई-टोरोंटो ११,०८० किमी, बेरीज १२,८५०. अहमदाबादहून थेट टोरोंटो मोजलं तर १२,०७० येतं. म्हणजे दुबईला जाऊन तुम्ही आठशे किमीसुद्धा जास्त घालवत नाही, एवढ्या लांबच्या प्रवासात सहा-साडेसहा टक्के. मला आधी वाटलं होतं बराच जास्त पडत असेल, कारण नकाशावर दुबई पार पश्चिमेला आणि खाली दिसते, पण गोलावर ती वाटेपासून फार लांब नाही. लंडनमार्गे आणखी कमी पडतं, १२,५७५ च्या आसपास.

कारेलीबाग_सोसायटी

येताना वेळ कमी लागतो त्याचं कारण मला शाळेत सरांनी सांगितलं होतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे जाताना आणि येताना फरक पडतो. पण नीट विचार केला तर उलटंच व्हायला हवं ना? आपण हवेत असताना खाली टोरोंटो स्वतःच पूर्वेला सरकत आपल्याकडे यायला हवं, मग जाताना कमी वेळ लागायला हवा. कुणी समजावेल का?

वारा_आणि_पाऊस

चांगला विचारलात. पृथ्वी फिरते हे खरं, विषुववृत्तावर तासाला जवळजवळ १,६७० किमी आणि आपल्या बडोद्याच्या अक्षांशावर १,५५० च्या आसपास. पण तिच्याबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेत तरंगणारं विमानही. काकांना समजेल असं सांगते, धावत्या राजधानीत डब्यात उभं राहून उडी मारली तर आपण होतो तिथेच परत पडतो, मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. म्हणून गाव सरकत आपल्याकडे येत नाही.

फरक पाडतो तो वारा. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यातला वारा तासाला १००-२०० किमीने सहज वाहतो, कधी त्याहूनही जास्त, आणि हिवाळ्यात जोर वाढतो कारण ध्रुवाकडच्या आणि विषुववृत्ताकडच्या तापमानातला फरक तेव्हा मोठा असतो. या वाऱ्याची सगळ्यात आधी नीट मोजणी केली ती जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी, १९२० च्या दशकात, फुगे सोडून. विमान हवेच्या मानाने ९०० नेच उडतं, पण हवाच मागून ढकलत असेल तर जमिनीच्या मानाने हजाराच्या वर जातं, आणि समोरून येत असेल तर आठशेच्याही खाली. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं विमान लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीवरचा वेग १,३०० किमीच्या वर गेला होता, आणि तरी ते ध्वनीपेक्षा जोरात उडत नव्हतं, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

रावपुरेकर, तुमच्या वेळांवरून बघा. ११,०८० किमी १४ तासांत म्हणजे सरासरी ७९१. तेच अंतर १२ तास ४० मध्ये म्हणजे ८७५. बाबांनी धरलेला ९०० दोन्हीकडे मिळत नाही, याचं दुसरं कारण असं की तिकिटावरची वेळ विमान गेटवरून मागे ढकलतात तेव्हापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. रनवेपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरताना वेग कमी करणं, जागा मोकळी होईपर्यंत वरच घिरट्या घालणं हे सगळं त्यातच येतं, शिवाय थोडा जादा वेळ आधीच धरून ठेवलेला असतो.

अटलांटिकवर तर रस्तेच रोज बदलतात. कॅनडाच्या गँडर आणि ब्रिटनच्या शॅनविक या दोन कंट्रोल सेंटरचे लोक त्या दिवसाचा वारा बघून पूर्वेला जाणाऱ्यांसाठी वाऱ्याच्या पोटातून आणि पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वारा चुकवून असे पट्टे आखतात. त्यामुळे जाताना आणि येतानाचं अंतरसुद्धा तेच राहत नाही. बाबांना सीटसमोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून द्यायला सांगा, त्यात जमिनीवरचा वेग आणि समोरचा-मागचा वारा दिसतो. त्यांच्यासारख्या माणसाला सिनेमाची गरजच पडणार नाही.

सयाजीगंज_ट्रॅव्हल

मी याच धंद्यात आहे, नाव सांगत नाही, जाहिरात करायची नाहीये. दिल्ली नॉनस्टॉपबद्दल विचारलंत म्हणून लिहितो.

दिल्ली-टोरोंटो अंतर ११,६४० किमीच्या आसपास, कागदावर सगळ्यात सोपं. पण वरच्या भाऊंनी धागा सांगितला ना, दिल्लीचा धागाही पाकिस्तानवरूनच जातो, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. तेव्हापासून भारतीय कंपन्यांच्या अमेरिका-कॅनडाच्या फ्लाइटना खालून अरबी समुद्रावरून वळून जावं लागलं, वेळ वाढला, काहींना मध्ये युरोपात उतरून इंधन भरावं लागलं. दुसऱ्या बाजूने फेब्रुवारी २०२२ पासून रशियाने कॅनडा आणि युरोपच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलंय, म्हणजे त्यांना वेगळा वळसा. एकाच दोन गावांमधले तास कंपनीच्या देशाप्रमाणे बदलतात हे लोकांना पटत नाही, पण गेली काही वर्षं तसंच चाललंय. तिकीट काढायच्या दिवशीचे तास बघा, दोन वर्षांपूर्वी मावशी किती तासांत गेली होती ते विचारू नका.

अहमदाबाद-दुबईला पाकिस्तानची जमीन वाटेत येत नाही, विमान सौराष्ट्र-कच्छवरून निघतं ते समुद्रावरच जातं. दुबई-टोरोंटोचा सरळ धागा मात्र बरोबर कीवच्या आसपास युक्रेनवरून जातो आणि तिथलं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, म्हणून तिथे बाजूने जावं लागतं. आखातात काही गडबड झाली की तासाभरात सगळं बदलतं, जून २०२५ मध्ये कतारचं आकाश काही तास बंद होतं तेव्हा केवढी विमानं मध्येच वळवावी लागली. त्यामुळे जायच्या आठवड्यात बातम्यांवर नजर ठेवा आणि फोन नंबर बुकिंगमध्ये स्वतःचा घाला, एजंटचा नको, म्हणजे मेसेज तुम्हाला थेट येईल.

आणि हे अगदी महत्त्वाचं: दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असायला हवेत. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात हे खरं, पण मग पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नाही आणि सामान दुबईत काढून परत द्यावं लागतं. म्हाताऱ्या माणसांसाठी तो उद्योग करूच नका. एका पीएनआरवर असलं की अहमदाबादला चेक-इन करतानाच सामानावर टोरोंटोचा टॅग लागतो, टॅगवर शेवटचा कोड टोरोंटो एअरपोर्टचा वायवायझेड (YYZ) आहे ना ते काउंटरवरच वाचून घ्या. लंडन किंवा युरोपमार्गे गेलात तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही आधी बघावं लागतं, आई-बाबांसाठी दुबई त्या मानाने सुटसुटीत.

ब्रॅम्प्टनचा_बडोदेकर

मी बडोद्याच्या वाडीतला, आता बरीच वर्षं टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला. आमचे आई-बाबा याच वाटेने येतात म्हणून मनापासून सांगतो, किलोमीटर आणि वेग यावर फार वेळ घालवू नका, घर ते घर किती तास होतात ते मोजा. रात्री १० चं विमान म्हणजे सात वाजता एअरपोर्टवर, म्हणजे रावपुऱ्यातून चारला निघावं लागेल, एक्सप्रेसवे असला तरी अमदावाद शहरात शिरल्यावर एअरपोर्टपर्यंत ट्रॅफिक असतोच. इकडे साडेनऊला उतरल्यावर इमिग्रेशन, सामान यात दीड तास धरा, आणि ताई घरी नेईपर्यंत इथले दुपारचे बारा. आपल्या घड्याळात ते रात्रीचे साडेनऊ. चार ते दुसऱ्या दिवशी साडेनऊ, साडेएकोणतीस तास. त्यातले विमानात फक्त सतरा तास वीस मिनिटं. बाकीचे बारा तास रस्ता, रांगा आणि खुर्च्या. वयस्कर माणूस दमतो तो या बारा तासांत, आणि तेच आपल्याला थोडे सोपे करता येतात.

म्हणून पहिली गोष्ट व्हीलचेअर. आईचे गुडघे दुखतात ना, मग तिकिटातच व्हीलचेअर असिस्टन्स टाकायला सांगा, वेगळे पैसे पडत नाहीत. काही जणांना संकोच वाटतो, मी अजून चालू शकते असं म्हणतात, पण दुबईचा एअरपोर्ट एवढा अवाढव्य आहे की एका भागातून दुसऱ्या भागात जायला आतच ट्रेन आहे. असिस्टन्सवाला माणूस गेटपर्यंत सोबत राहतो, सिक्युरिटी-इमिग्रेशनची रांग सोपी होते, आणि भाषेची अडचण असेल तर तोच बोलतो. घरून प्रेमाने समजावून तयार करा, काउंटरवर जाऊन वाद नको.

दुबईतला हॉल्ट जाताना ३ तास ४० आहे तो मला अगदी योग्य वाटतो. दीड-दोन तासांचा असता तर पहिलं विमान जरा लेट झालं की जीव टांगणीला. येतानाचे सव्वापाच तास जास्त आहेत, पण दुपारची वेळ आहे, पाय पसरून बसण्याची जागा मिळाली तर बरंच होईल.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन कुठल्या घड्याळाने घ्यायचं हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहूनच घ्या, कारण जाताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो आणि जेवणाच्या वेळा सगळ्या सरकतात, हे अंदाजाने करायचं काम नाही. औषधं सगळी हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट, मोठ्या बॅगेत एकही नको. चौदा तासांत पाय सुजतात, कधी गुठळी व्हायची भीती असते, त्यामुळे जमेल तेव्हा उठून चार पावलं चालायचं, बसल्याबसल्या घोटे फिरवायचे, पाणी पीत राहायचं. दाबाचे मोजे घालायचे का ते पण डॉक्टरांनाच विचारा. आईला आयल सीट घ्या म्हणजे कुणाला उठवायला लागणार नाही.

खाण्याचं म्हणाल तर थेपले, खाखरे, लीलो चेवडो आणा की भरपूर, ताई वाट बघत असेल, पण कॅनडात उतरल्यावर खायचं सामान आहे का विचारतात तेव्हा हो म्हणून सांगायचं. विचारतील, बघतील, सोडतील. लपवलं तर दंड होऊ शकतो. ताजी फळं, रोपं, बिया वगैरे नकोच.

रावपुरेकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. प्रतापनगरवाल्या दादांचं गणित त्यांनी स्वतः वहीत करून बघितलं आणि २१:०० व २०:५० आल्यावर फार खूश झाले, आता शेजारच्या काकांना समजावतायत. शाळेतला गोल माझ्या भाचीचा माळ्यावर होता तो काढला, धागा लावला, खरंच ग्रीनलंडवरूनच जातो. आईने व्हीलचेअरला हो म्हटलं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. एजंटला पीएनआर एकच आहे का विचारलं, एकच आहे.

आता बाबांचे नवीन दोन प्रश्न. पहाटे साडेतीनला दुबईहून निघून सकाळी साडेनऊला पोचायचं, मग चौदा तासांत सूर्य कुठे असणार, उजेड असणार की अंधार? आणि ग्रीनलंड बघायचं असेल तर कुठल्या बाजूला बसायचं? त्यांना खिडकी हवी आहे, आई आयलला बसेल.

नकाशावेडा

वा, काकांनी विचारलंच! जूनमध्ये निघताना अंधार असेल, पण दोन-एक तासांतच उजाडेल आणि मग टोरोंटोपर्यंत उजेडच. आणि यातला उत्तम भाग असा की त्यांची सकाळ हलणारच नाही. ६० अंश उत्तरेला पृथ्वीचा घेर विषुववृत्ताच्या निम्मा असतो, म्हणून तिथे जमीन तासाला साधारण ८३५ किमीने फिरते, जवळजवळ विमानाच्याच वेगाने. विमान पश्चिमेला निघालेलं, त्यामुळे उत्तर अटलांटिकवर ते सूर्याच्या बरोबरीने धावतं. मी ढोबळ हिशोब केला, पूर्व युरोपच्या वर असताना सूर्याच्या हिशोबाने साडेपाच वाजलेले असतील, सहा हजारांच्या आसपास किमी ओलांडून स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांजवळ आले की सहा, आणि आणखी तीन तास उडून ग्रीनलंडच्या टोकाशी आले तरी सव्वासहा-साडेसहाच. काकांनी हातातलं घड्याळ बडोद्याच्या वेळेवरच ठेवावं आणि स्क्रीनवर नकाशा लावावा, म्हणजे टाइम झोन म्हणजे काय ते खिडकीतून दिसेल.

बाजूचं म्हणाल तर उजवी. दुबई-टोरोंटोचा सरळ धागा आइसलंडच्या दक्षिणेकडून साधारण ६२ अंशांवरून येतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडातल्या लॅब्राडोरकडे उतरतो, म्हणजे पश्चिमेला तोंड केल्यावर ग्रीनलंड उजव्या हाताला. सूर्य मागच्या बाजूला असेल, डोळ्यांवर ऊन येणार नाही. ढग असले तर काही दिसणार नाही, आणि त्या दिवशी वारा बघून मार्ग खाली नेला तर लांबही राहील, पण बसायचं तर उजवीकडेच. पंखावरची सीट घेऊ नका, पंखाच्या बरीच मागची घ्या. निघाल्यापासून आठ तास झाले की काकांना जागं राहायला सांगा, कारण तेव्हा केबिनमध्ये सगळ्या खिडक्या बंद करून लोक झोपलेले असतात, झाकण थोडंसंच वर करून बघायचं म्हणजे कुणाला त्रास नाही.

प्रतापनगर_यार्ड

सीट नंबर आत्ताच घालून घ्या, उजव्या खिडकीचं अक्षर बहुतेक मोठ्या विमानांत के असतं, पण सीट मॅप उघडून खात्री करा. आणि मोठ्या विमानात त्या बाजूला तीन सीट असल्या तर मधली रिकामी राहील अशा आशेवर खिडकी आणि आयल असं तोडून घेऊ नका, दोघांच्या मध्ये तिसरं कुणी आलं तर काकूंना उगाच अवघडल्यासारखं होईल. दोन-दोनच्या रांगा असलेलं विमान किंवा मागच्या टोकाला जिथे रांग निमुळती होऊन दोनच सीट राहतात तशी जोडी मिळते का ते आधी बघा, मिळाली तर काकांना खिडकी आणि काकूंना आयल दोन्ही होईल.